सरकी भरलेल्या गाद्या

सकाळी थोरलीने माडीचं दार ढकललं, तर साहेब कापसाच्या ढिगावर पालथा पडलेला. पंख पसरलेले, मान वाकडी आणि चोचीखालचा कापूस लालभडक. ताजा पिंजलेला कापूस होता तो, एका तान्ह्या बाळाच्या दुलईत जायचा होता. "अरे माझ्या राजा, हे रे काय झालं तुला?" म्हणत ती खाली वाकली. उचललं तर अंग अजून पुरतं ताठलंही नव्हतं. वर आढ्याजवळच्या लाकडी पेटीतून बाईसाहेबांनी फिस्स केलं, आणि त्यांच्या पोटाखालून पिल्लांनीही.

साहेब आणि बाईसाहेब म्हणजे घुबडांची जोडी. आता कुणी म्हणेल, घुबडासाठी एवढा गळा काढायचा? म्हणू दे. गल्लीतले लोक तिच्या तोंडावर म्हणायचेच. पण ती पेटी तिच्या नवऱ्याने ठोकलेली होती. दोघांचा धंदा गाद्या-उशा शिवायचा. खाली दुकान, वर माडीवर कापूस. उंदरांनी नुसते नाकी नऊ आणले होते. शिवून ठेवलेली गादी सकाळी बघावी, तर एक कोपरा फाडून आत कुणीतरी बाळंत झालेली! नवऱ्याने विष आणलं नाही, मांजर आणलं नाही. छपराच्या अगदी खाली भिंतीत हातभर भोक पाडलं, आतून पेटी ठोकली आणि म्हणाला, "येतील बघ." सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. धाकटा भाऊ तर म्हणाला, "दादा, आता घुबडांना भाड्याने खोली देणार का?" पुढच्या थंडीत खरोखर जोडी आली. पांढऱ्या तोंडाची, बदामी पाठीची. उंदरांचा सुळसुळाट हळूहळू थांबला. "बिनपगारी नोकर आहेत हे आपले," असं नवरा येईल त्याला सांगायचा. थोरली म्हणायची, "नोकर कसले, दिवसभर झोपा काढतात. साहेब म्हणा."

मग नवरा गेला. कात्री हातात असताना छातीत कळ आली आणि गेला. मागे राहिली ती, तिचं शिवणयंत्र आणि आढ्यावरचं ते बिऱ्हाड. दिवेलागणीला साहेब भोकातून बाहेर झेपावला की ती अंगणातून म्हणायची, "निघालात? या लवकर." असं म्हणायला तिला दुसरं कुणी उरलं नव्हतं.

जनावरांच्या डॉक्टरांनी साहेबाची चोच उघडून बघितली, पोट चाचपलं. "आत सगळं रक्त साठलंय. उंदराचं औषध."

"अहो, तो काय उंदीर आहे? त्याने कशाला खाल्लं?"

"त्याने नाही खाल्लं, उंदराने खाल्लं. हे औषध उंदराला लगेच मारत नाही, बाई. खाल्ल्यावर तो काही दिवस हिंडतो. मग सुस्तावतो, भरदिवसा उघड्यावर येऊन बसतो, हाकललं तरी हलत नाही. असा उंदीर घुबडाला आयताच मिळतो. एक खातं, दोन खातं, ते अंगात साठत जातं आणि मग रक्त गोठायचंच थांबतं. घारी, मुंगसं, साप, सगळी अशीच मरतात. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"आणि तिचं? पिल्लांचं?"

"थोडंफार त्यांच्याही पोटात गेलं असेल. पण यापुढे जाऊ दिलं नाहीत, तर वाचतील."

औषध कुणी ठेवलं ते विचारायला नको होतं. मूळ घर एकच, मध्ये भिंत घालून दोन केलेलं. इकडे गाद्या, तिकडे धाकट्या दिराची बेकरी. भिंत माणसांपुरती होती, उंदरांनी ती कधी मानली नाही. आणि दिराने हल्लीच काचेचं दार बसवलं होतं, पाटी रंगवली होती, गिऱ्हाइकांनी 'शेट' म्हटलेलं त्याला आवडायला लागलं होतं. शेटला उंदीर कसा चालेल?

थोरली तशीच, पांढऱ्या खोळीत गुंडाळलेला साहेब घेऊन बेकरीत शिरली आणि काचेच्या कपाटावर, केकच्या बरोबर वर, तिने तो ठेवला.

"अहो वहिनी! खायच्या वस्तू आहेत तिथे!"

"बघा, भावजी. डोळे फाडून बघा. तुमच्या औषधाने मेलाय."

दिराने खोळीचं टोक दोन बोटांनी उचललं आणि सोडून दिलं. "घुबडच ना, वहिनी? तुमचा चेहरा बघून मला वाटलं, माणूसच गेलं कुणाचं." पाव घ्यायला आलेली माणसं फिदीफिदी हसली. माणसं हसली की शेटला चेव यायचा. "एक काम करा. हा केक घेऊन जा. दुखवट्याचा. माझ्याकडून." आणि खरंच त्याने एक लहानसा केक पुठ्ठ्याच्या पेटीत घातला, वर फीत बांधली आणि मेलेल्या साहेबाशेजारी ठेवला.

थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्या भावाने आणलेली जोडी होती ही!"

"दादाला काय, उद्योग नव्हता."

एवढ्यात भट्टीकडून धाकटी आली, तिची जाऊ. हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले. तिने साहेबाकडे बघितलं, थोरलीकडे बघितलं, केकच्या पेटीकडे बघितलं, आणि आत गेली. पोत्यांमागून, फळ्यांखालून औषधाच्या निळ्या वड्या वेचून तिने डब्यात भरल्या, झाकण घट्ट लावलं. "ताई, माझ्या पोरांची शपथ. या घरात परत विष येणार नाही." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाली, "ऐकलंत ना? पोरांची शपथ घातलीय मी."

"बरं बाई, नाही आणत. पिंजरे लावतो. झालं समाधान?"

आणि जे खरं ते सांगायला हवं, दिराने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी तारेचे पिंजरे आणले. सापडलेले उंदीर तो रोज सायकलवर लांब, नाल्यापलीकडे नेऊन सोडायचा. सायकलला अडकवलेले पिंजरे थोरलीला खिडकीतून दिसायचे. बाईसाहेब पोटाला चिमटा काढून एकट्याच शिकारीला जात होत्या, पिल्लं वाढत होती. इथे गोष्ट मिटायला हरकत नव्हती.

पण हसला कशाला? मेलेल्या जिवाला हसला, मेलेल्या सख्ख्या भावाला हसला, आणि वर फीत बांधून केक दिला! थोरलीने तो केक खाल्ला नाही, टाकलाही नाही. शिवणयंत्रासमोरच्या फळीवर ठेवून दिला. आधी तो वाळला, मग त्याला हिरवी बुरशी आली. सुईत दोरा ओवताना मान वर केली की तो समोर. "थांबा, भावजी," ती त्या केकला सांगायची, "नाही तुमच्या तोंडचं पाणी पळवलं तर नाव नाही लावणार."

संधी आपल्या पायांनी चालत आली. धाकटीच एक दिवस दारात उभी. "ताई, बेकरीत बसून खायला बाकं टाकतोय. त्यांना गाद्या हव्यात. हे म्हणत होते बाहेरून आणू. मी म्हटलं, घरचा हात असताना बाहेर कशाला? पण तुमचं मन नसेल तर राहू दे."

"मन नसायला काय झालं? देते की करून."

धाकटीच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिला वाटलं, राग गेला. जाता जाता तिने थोरलीचा हात धरला आणि सोडवेना. थोरलीने तो हात हळूच काढून घेतला.

कापूसवाल्याकडे जाऊन तिने सांगितलं, "सरकीसकट दे. बी काढू नकोस." तो चक्रावला. गादीवाली आणि सरकीसकट कापूस? त्या धंद्यात पोरं पहिला धडा गिरवतात तोच सरकीचा. कापसाचं बी तेलकट असतं, उंदरांना त्याचं वेड. एक बी आत राहिलं तरी उंदीर त्या वासावर गादी फाडतो. तिचा नवरा भरलेल्या प्रत्येक गादीवर उघडा तळहात फिरवून बी शोधायचा. आणि थोरलीने त्या गाद्यांच्या पोटात मूठमूठ सरकी भरली, चवीला वर शेंगदाण्याची पेंड चुरून टाकली, आणि सगळ्याभोवती चार बोटं साफ पिंजलेला कापूस असा बसवला की बसणाऱ्याला एक दाणा टोचू नये. खोळी तांबड्या, जाड, काठाला गोट. इतकं सुबक काम तिने कित्येक वर्षांत केलं नव्हतं. दाभण खुपसताना ती दात-ओठ खात पुटपुटायची, "घुबडच ना? घ्या! उद्योग नव्हता ना दादाला? हे घ्या!"

बाकांवर गाद्या पडल्या तेव्हा दिराने त्यावर बसून, उड्या मारून बघितलं. "वहिनी, हात आहे की जादू!"

"तुमच्यासाठी जीव ओतून भरल्यात, भावजी."

मग जे सुरू झालं! आधी नुसती कुरकुर ऐकू यायची. मग गाद्यांचे कोपरे कुरतडले जायला लागले. मग अख्ख्या गल्लीतल्या उंदरांना आवतण गेल्यासारखे ते लोटले. गटारातले, वखारीतले, वाण्याच्या पोत्यांमागचे, सगळे बेकरीत. एका शाळामास्तरीण बाईंनी चहात बिस्किट बुडवलं, आणि बुडाखालून शेपूट बाहेर आलं. बाई किंचाळत अशा पळाल्या की पर्सही विसरल्या. भिंतीला कान लावून थोरली ऐकत होती. दिराचं ओरडणं, बाकं सरकल्याचा आवाज, काठी आपटल्याचा आवाज. तिला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबून हसली.

सगळ्यांत कमाल म्हणजे फाटलेल्या गाद्या दुरुस्तीला तिच्याकडेच यायच्या! दिराला काय, कोपरा फाटलेला दिसायचा, आतलं कुठे दिसायचं? "वहिनी, तेवढे टाके घालून द्या हो. कुठून आलेत मेले, कळत नाही." ती तोंड एवढंसं करून म्हणायची, "अरेरे!" आणि गादी आत नेऊन ताजी सरकी भरून परत द्यायची. फळीवरच्या हिरव्या केकला ती आता रोज सकाळी हसून बघायची.

बाईसाहेबांची तर चंगळ झाली. पूर्वी बिचारी किती येरझाऱ्या घालायची, आता भोकातून बाहेर पडली नाही तोच परत, पंजात उंदीर. पेटीत पिल्लांची झोंबाझोंबी चालायची. त्यांच्यात एक शेंडेफळ होतं, सगळ्यांत शेवटी अंड्यातून निघालेलं, काडीसारखं. मोठी पिल्लं त्याला मागे रेटायची आणि त्याच्या वाट्याला उरलंसुरलं शेपूट. थोरली खालून म्हणायची, "खा, बाई, खा. तुझ्या नवऱ्याचं उट्टं काढलंय मी, आणि वर तुला मेजवानी. अगं, त्या धाकट्यालाही घाल की जरा!"

एका दुपारी ती अंगण झाडायला निघाली तर पायरीवर उंदीर बसलेला. भरउन्हात. केरसुणीने ढोसला तरी हलेना. दुसरा नळापाशी, तोंड भिंतीकडे करून. थोरलीला गंमत वाटली. "खाऊन खाऊन माजलेत मेले. सरकी मानवली म्हणायची!" आणि तिने दोघांनाही केरसुणीने लोटून कोपऱ्यात सारलं, बाईसाहेबांना सोपं जावं म्हणून. तिन्हीसांजेला बाईसाहेब खाली उतरल्या आणि दोन्ही उचलून नेले. थोरली कमरेवर हात ठेवून कौतुकाने बघत होती.

अंथरुणावर पडल्यावर तिला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. भरदिवसा उघड्यावर येऊन बसतो. हाकललं तरी हलत नाही. ती ताडकन उठून बसली. मग स्वतःलाच म्हणाली, छे, त्याने शब्द दिलाय, शपथ घातलीय धाकटीने. आणि डोक्यावरून पांघरूण घेतलं. पण डोळ्याला डोळा लागला नाही.

पुढे काही दिवस तिने माडीचं दार उघडायचं टाळलं. उघडलं तेव्हा बाईसाहेब पेटीच्या तोंडातून अर्ध्या बाहेर लोंबत होत्या. शिडी लावून ती वर चढली. मोठी पिल्लं एकमेकांवर पडलेली, गार. कोपऱ्यात शेंडेफळ तेवढं उभं होतं आणि तोंड वासून फिसफिसत होतं. त्याच्या वाट्याला कधी काही धड आलंच नाही, म्हणून ते जगलं होतं.

शिडीवरून ती कशी उतरली तिचं तिलाच ठाऊक नाही. आता दिराची खैर नव्हती. शब्द मोडला मेल्याने! पोरांची शपथ मोडली! बाईसाहेबांना छातीशी धरून, कमरेची कात्री खुळखुळत ती रस्त्याने निघाली तेव्हा गल्लीतली माणसं बाजूला सरली. कपाटाच्या काचाच फोडायच्या, असं तिने ठरवलं होतं.

बेकरीत चिटपाखरू नव्हतं. कपाट रिकामं, भट्टी गार. एका बाकावर दीर बसला होता, दाढी वाढलेली, तर धाकटी दुसऱ्या टोकाला, त्याच्याकडे पाठ करून. थोरलीने तोंड उघडायच्या आधीच दिराने तिच्या हातातलं बघितलं. तो उठला आणि त्याने हात जोडले.

"चुकलो, वहिनी. मारायचं तर मारा. खूप दिवस पाळला हो मी शब्द. पिंजरे लावून लावून थकलो. सापडतील तेवढे सोडून यायचो आणि परत दुप्पट हजर. आरोग्य खात्याचा माणूस येऊन गेला. म्हणाला, पुन्हा एक उंदीर दिसला तर कुलूप लावीन. मग हिच्या चोरून आणलं औषध. दादाची ती जोडी, मला कळत नव्हतं का? त्या दिवशी चार माणसांसमोर हसलो, त्याचीही लाज वाटते. पण एवढे उंदीर आले कुठून, वहिनी? इतके तर कधीच नव्हते. तुम्हीच सांगा."

धाकटी न वळताच बोलली. "ताई, पोरांची शपथ होती ती. मोडली यांनी. मला रात्रंदिवस पोरांकडे बघवत नाही हो."

ज्यासाठी थोरलीने जिवाची तगमग केली होती, ते सगळं समोर होतं. हात जोडलेला दीर, बुडालेलं दुकान, तोंडाने मागितलेली माफी. काचा फोडायचीही गरज उरली नव्हती. आणि तोंड मिटून परत गेली असती, तर दोष जन्मभर त्याच्याच माथ्यावर राहिला असता. कुणाला कळणार होतं?

तिने बाईसाहेबांना बाकावर ठेवलं. कमरेची कात्री काढली, समोरच्या तांबड्या गादीत टोकापासून टोकापर्यंत चालवली आणि गादी दोन्ही हातांनी उलटी केली.

सरकी सडसड करत फरशीवर सांडली. बाकाखाली गेली, दिराच्या पायांत गेली, दारापर्यंत घरंगळली.

धाकटीला काही कळेना. "हे काय, ताई?"

दिराला मात्र विचारावं लागलं नाही. तोही गादीवाल्याच्याच घरात वाढला होता. लहानपणी उशीत एक बी राहिलं म्हणून त्याने बापाचा मार खाल्ला होता, आणि त्या वेळी मध्ये पडला होता तो दादाच. तो खाली वाकला. एक बी उचललं, बोटांत फिरवलं, पेंडेचा चुरा नाकाशी नेला. जोडलेले हात केव्हाच सुटले होते. तो ओरडेल, अंगावर येईल, असं थोरलीला वाटलं. यावं, असंही वाटलं. तो आला नाही.

त्याने तळहात तिच्यासमोर धरला. मधोमध ते एक बी.

"दादाचा हात फिरला असता या गाद्यांवरून, तर?"

भिंतीपलीकडून, वरून, फिसफिस ऐकू येत होती. शेंडेफळाला भूक लागली होती. एरवी ही वेळ त्याच्या आईची बाहेर पडायची.

"एखादं पिल्लू वाचलंय का हो, ताई?" धाकटीने विचारलं.

"वाचलंय."

ती जायला वळली. दारात, उंबऱ्यालगत, एक उंदीर सांडलेल्या सरकीपाशी बसला होता. तिची सावली अंगावर पडली तरी तो हलला नाही. तिने त्याच्याकडे बघितलं आणि वळसा घालून बाहेर पडली. पिल्लाला काय घालायचं ते तिला सुचत नव्हतं. गल्लीतला एकही उंदीर आता त्याला घालण्याजोगा राहिला नव्हता.